काळुदादाला पाठवलेलं आवतण

माझ्या मुलाच्या लग्नात त्याचा सख्खा मामा येणार की नाही, हा प्रश्न एका मोबाईलमुळे उभा राहिला, आणि तो मोबाईल मी मागितलेला नव्हता. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या बिल्डिंगमध्ये अजूनही काही जण "तुळसाबाईंनी फोन घेतला आणि माहेर तोडलं" असं बोलतात. माहेर तुटलेलं नाही. फक्त जरा ताणलं गेलं, आणि त्या ताणात माझे दोन्ही गुडघे गेले.

फोन मितेशने आणला. मितेश म्हणजे माझा धाकटा, ज्याचं लग्न. "आये, तुझा तो बटणांचा डबा टाक आता. याच्यात सगळं आहे." सगळं आहे म्हणाला, पण सिमकार्ड नव्हतं. त्यासाठी दुकानात जावं लागलं. तिथे मी ऐटीत पेन मागितलं. सही करायला मी पोरं शाळेत जायला लागल्यावर अंगणवाडीतल्या बायकांच्या वर्गात शिकले, त्यामुळे सहीची संधी मी कधी सोडत नाही. दुकानदार म्हणाला, "सही नको आजी, अंगठा द्या." मी म्हटलं, अरे, अंगठा सुटावा म्हणून तर मी शिकले! तो म्हणाला, आता सगळ्यांचाच अंगठा लागतो. बरं, दिला. तर यंत्राला अंगठा दिसेना. भातलावणी आणि मासळी साफ करण्यात त्यावरच्या रेषा कधीच पुसून गेल्यात. त्याने अंगठा पुसून पाहिला, ओला करून पाहिला, कसलंसं तेल लावून पाहिलं. शेवटी सिम मितेशच्या नावावर झालं. म्हणजे सही चालत नाही आणि अंगठा उमटत नाही, अशी मी सरकारदरबारी कोणीच नाही. पण फोन वाजू लागला.

फोनचे फायदे मी नाकारत नाही. नौपाड्यातल्या डॉक्टरने माझ्या गुडघ्याच्या एक्स-रेचा फोटो फोनवरच पाठवला, दोन रिक्षा आणि एक जिना वाचला. माझी मुलगी जागृती लग्न होऊन डोंबिवलीला असते, तिच्या सान्वीला पहिला दात आला तो मी त्याच दिवशी पाहिला. तोटा असा की सान्वीला आलेला प्रत्येक दात मी त्यानंतर रोज पाहिला. शिवाय सकाळी उठावं तर गुलाबाच्या फुलांसकट शंभर लोकांची शुभ सकाळ येऊन पडलेली. एवढ्या शुभेच्छा मिळूनही माझी एकही सकाळ शुभ गेली असेल तर शपथ.

मग मितेशचं लग्न ठरलं आणि आवतणं द्यायची वेळ आली.

आमच्यात आवतण हातात देतात. घरातलं मोठं माणूस हळदीचे तांदूळ घेऊन दारात जातं, ते तांदूळ समोरच्याच्या तळहातावर ठेवतं आणि तोंडाने सांगतं, अमक्या दिवशी हळद, तमक्या दिवशी लग्न, सगळ्यांनी यायचं. आणि मामाला सगळ्यांच्या आधी. कारण नवऱ्या मुलाला मुंडावळ्या मामाने बांधायच्या, आणि मंगलाष्टकं चालू असताना पाठीशी मामाने उभं राहायचं. मितेशला मामा एकच, माझा मोठा भाऊ काळुराम, आमचा काळुदादा. तो राहतो शहाडजवळ, नदीकडच्या गावात. मी राहते शीळच्या बाजूला. मध्ये शीळफाटा.

शीळफाट्याला जे कधी अडकलेले नाहीत त्यांनी मला शहाणपण शिकवू नये. तिथे माणूस रिक्षात बसतो तेव्हा भूक नसते, आणि उतरतो तेव्हा जेवणाची वेळ टळून गेलेली असते. माझ्या गुडघ्यांचा हा असा प्रकार, त्यात दोन्हीकडचे मिळून नातेवाईक म्हणजे अर्धा ठाणे जिल्हा. मी काळजीत बसलेली, तेवढ्यात समोरच्या दाराचे शिवरामभाऊ आले. शिवरामभाऊ सरकारी कचेरीतून निवृत्त झालेत. कुठल्या ते सांगत नाहीत, पण प्रत्येक गोष्टीला 'रीतसर' म्हणतात.

"तुळसाबाई," ते म्हणाले, "हल्ली कोर्टाच्या नोटिसा फोनवर येतात. लग्नाचं आमंत्रण का जाऊ नये? रीतसर पोचल्याची खूणसुद्धा मिळते."

खालच्या मजल्यावरच्या भीमाबाई त्यांच्या मागोमाग आल्याच होत्या. "मी तर माझ्या भाच्याच्या बारशाला फोनवरूनच पाळणा म्हटला," त्या म्हणाल्या. "पेढेपण त्यांनी मला फोनवरच दाखवले."

मितेशला हे फार आवडलं. त्याने पत्रिकेचा व्हिडिओ बनवून घेतला. त्यात आधी गणपती, मग हार घातलेला ह्यांचा फोटो, मग मी, डोळे मिटलेली. त्यानंतर मितेश काळा चष्मा घालून एका डोंगरावर उभा, आणि नवरी त्याच्याकडे इतकी हळू धावत येते की तिथेही वाहतूक अडकली आहे असं वाटावं. मागे बॅंजो. असं हे आवतण मी स्वतःच्या बोटाने सगळ्यांना पाठवायला घेतलं.

आता चूक कुठे झाली ते नीट सांगते. व्हिडिओ मी जागृतीला पाठवला. जागृतीने सासरी पाठवला, सासरच्यांनी आणखी कुणाला, त्यांनी भीमाबाईंना, भीमाबाईंनी त्यांच्या भजनमंडळाला, आणि भजनमंडळातल्या एका बाईने, माझी ओळख ना पाळख, तो मला पाठवला: 'नक्की या.' माझ्याच मुलाच्या लग्नाला मला बोलावणं! मला गंमत वाटली. काळुदादाला पाठवायचं राहिलंच होतं आणि पहिला व्हिडिओ तोवर शुभ सकाळींच्या ढिगाखाली कुठेतरी गडप झालेला. मी हाच पुढे ढकलला. त्याच्यावर दोन बाण होते. मला वाटलं, जोरात पाठवल्याची खूण असेल.

दादाकडून काही उत्तर येईना. भीमाबाईंनी फोन हातात घेऊन निदान केलं. "निळं झालंय म्हणजे बघितलंय. बघून गप्प म्हणजे रागावलाय." पूर्वी माणूस रागावला की थेट लग्नात कळायचं, पंगतीत. आता आधीच कळतं. याला फायदा म्हणायचं की तोटा ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी आमच्या 'आपली माणसं' या घरच्या ग्रुपवर बारीक अक्षरात एक ओळ आली. काळुदादा बाहेर पडले. एवढंच. कुणाशी भांडण नाही, ताट भिरकावणं नाही. माझा भाऊ लहानपणापासून रुसतो, पण रुसला तर दार आपटायचा, तेव्हा कळायचं तरी की कुठल्या खोलीत आहे.

संध्याकाळी त्याच्या सुनेचा फोन आला. ऐश्वर्या परसात जाऊन हळू आवाजात बोलत होती.

"आत्या, बाबांना मीच वाचून दाखवलं." दादा शाळेत गेलेला नाही, आणि माझ्यासारखा मागाहूनही शिकला नाही.

"काय वाचून दाखवलंस?"

"सगळंच. वरती बारीक लिहिलेलं असतं ते पण. 'अनेक वेळा फॉरवर्ड केलेले.'"

"ते कशाला वाचलंस गं?"

"ते बोलले, पहिल्यापासून वाच. मग त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला." तिने आवाज आणखी खाली आणला. "तर बोलले, म्हंजे गावभर वाटून उरला तो मना धाडला. आत्या, ते लग्नाला नाही येणार बोलतात. नवीन टोपी आणलेली, ती पण कपाटात ठेवून दिली."

टोपी कपाटात गेली म्हणजे प्रकरण साधं नव्हतं.

मी मितेशला सांगितलं. "टेन्शन नको घेऊ आये, मामांना परत ॲड करतो," म्हणाला. केलं. दादा बाहेर. जागृतीने केलं. दादा बाहेर. ग्रुपवरच्या लोकांना वाटलं कसला खेळ चालू आहे, त्यांनी टाळ्या पाठवल्या. तेव्हा शिवरामभाऊ पुन्हा आले. त्यांना आमच्या घरचं आवाजावरून कळतं.

"तुमचं चुकतंय. त्यांना नुसतं आत घेऊ नका. रीतसर पद द्या. ॲडमिन करा. पद मिळालेला माणूस कधी बाहेर पडलेला पाहिलाय?"

आजूबाजूला पाहिलं तर हे मला पटलं. आमच्या भागात ज्याला पद मिळालं त्याचा चेहरा चौकातल्या फलकावरून वर्षभर उतरत नाही. मितेशने दादाला आत घेऊन लगेच ॲडमिन केलं. आम्ही सगळे फोनभोवती बसून राहिलो. दादा बाहेर पडला नाही. मी शिवरामभाऊंना चहा ठेवला. चहा उकळतोय तोवर माझ्या फोनवर ओळ आली. काळुदादांनी तुम्हाला काढून टाकले.

वाचायला शिकल्याचा मला आयुष्यात एकदाच पश्चात्ताप झाला, तो त्या क्षणी.

ज्या ग्रुपचं नाव 'आपली माणसं', त्यातून मी बाहेर! मुलगा आत, मुलगी आत, भिवंडीची चुलत जाऊ जिच्याशी मी कित्येक वर्षं धड बोलत नाही तीही आत, आणि मी, जिच्या पोटी ही सगळी माणसं, ती बाहेर. ऐश्वर्याने लगेच फोन केला. "आत्या, बोट माझं होतं, पण हुकूम त्यांचा." भीमाबाई भेटायला आल्या, तोंड असं करून की जणू घरात काही झालंय. शिवरामभाऊंनी चहा संपवला आणि म्हणाले, "काढण्याआधी त्यांनी रीतसर नोटीस द्यायला हवी होती."

मी जेवले नाही. म्हणजे दुपारचं नाही.

मग जागृतीने डोकं चालवलं. दादाला वगळून तिने एक वेगळा ग्रुप काढला, 'मामा मिशन' नावाचा. त्यात मी, मितेश, ती, जावई, आणि सल्ल्यासाठी शिवरामभाऊ आणि भीमाबाई. मला मान द्यायचा म्हणून मलाही ॲडमिन केलं. या ग्रुपवर दिवसभर दादाची समजूत कशी काढायची यावर चर्चा चालली. कोणी म्हणे केक पाठवा, कोणी म्हणे चौकात त्याचा फोटो लावा. मितेशने लिहिलं, 'मामा एक नंबर हट्टी आहे.' जावयाने हसणारं तोंड टाकलं. मला वाटलं, दादाच्या घरातली खबर कळायला आतलं माणूस हवं, ऐश्वर्याला घ्यावं. मी यादी काढली. 'काळुदादा' आणि त्याच्या खाली 'काळुदादाची सून'. बोट जाड, अक्षर बारीक, चष्मा दुसऱ्या खोलीत. मी दाबलं, आणि सून आली या समजुतीने मनातलं सगळं बोलून टाकायला आवाजाचं बटण धरलं.

मी बरंच बोलले. आमचा दादा लहानपणापासून असाच म्हणाले. एकदा आईने जिताडा मासा केला आणि त्याचं डोकं मला वाढलं तर हा ताटावरून उठून बांधावर जाऊन बसला, अख्खा गाव शोधत होता म्हणाले. आता पोराचं लग्न तोंडावर आलंय आणि याला बाणांचा राग, तो नसला तर माझ्या मितेशच्या पाठीशी काय शिवरामभाऊंना उभं करू, असंही म्हणाले. शिवरामभाऊ ग्रुपवर आहेत हे माझ्या लक्षातून गेलं होतं.

लगेच जागृतीचा फोन आला. "आई! तू मामाला घेतलंस!"

"सुनेला घेतलं."

"मामाला घेतलंस! काढ त्याला!"

पण काढणार कसं? काढलं तर त्याला कळणार की आपण काढलं. ठेवलं तर तो सगळं ऐकणार. नवल म्हणजे, या एकाच ग्रुपमधून माझा भाऊ बाहेर पडला नाही. थोड्या वेळाने त्याच्याकडून आवाज आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने फोनमध्ये बोललेलं ते. आधी खोकला, मग ऐश्वर्याला "चालू झाला काय?" आणि मग:

"तुलसे, जिताडा नव्हता, बोय होती. आनि ताटावरशी मी नाय उठलो, तू उठलीस."

आता खोटं मी कोणाचं ऐकून घेत नाही. मी बटण धरलं. जिताडाच होता, मी म्हटलं, कारण बोयीचं डोकं एवढं मोठं नसतं. तो म्हणाला, तेव्हा तू लहान होतीस, तुला सगळंच मोठं दिसायचं. मी त्याला विहिरीत पडलेल्या चपलेची आठवण करून दिली. त्याने मला माझ्या लग्नात मी रडण्याच्या नादात त्याच्या नव्या सदऱ्याला नाक पुसलं होतं ते सांगितलं. जावई म्हणे ऑफिसात कानात लावून ऐकत होता. भीमाबाई वर येऊन शेजारीच बसल्या, दोन्हीकडचं नीट ऐकू यावं म्हणून. मितेश मध्येच म्हणाला, "आये, तुम्ही फोनच करा ना एकमेकांना." मी म्हटलं, त्याने ग्रुपमधून काढलंय मला, मी का फोन करू?

शेवटी दादाचा एक लहानसा आवाज आला. "तू लिव्हाला शिकलीस, मना बरा वाटला. पन मना वाचाला येत नाय ह्या तुना ठावं हाय. माजे दारान येवाला तुना वाट गावली नाय?"

मी फोन मांडीवर पालथा ठेवला. भीमाबाईंनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "ते जिताड्याचं मात्र तुमचंच खरं वाटतं."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदळाला हळद लावली, पुरचुंडी बांधली, गुडघ्यांना पट्टे चढवले आणि कोणाला न सांगता रिक्षात बसले. ऐश्वर्यालाही कळवलं नाही, नाहीतर ती त्याला पहिल्यापासून वाचून दाखवायची. फोन घरीच ठेवला. त्याचं तोंड बघायची इच्छा नव्हती.

शीळफाट्याला रिक्षा अडकली. अडकणारच होती. पुढे ट्रक, मागे ट्रक, बाजूला वरातीचा बॅंजो घेऊन जाणारा टेम्पो. रिक्षावाला इंजिन बंद करून मोबाईलवर कुणाचं तरी नाचणं बघत बसला. एवढ्यात पलीकडच्या, ठाण्याकडे येणाऱ्या रांगेतून एक आवाज आला. कुणीतरी रिक्षावाल्याला रस्ता निवडण्यावरून झापत होतं. तो आवाज मी आदल्या दिवशी इतका ऐकला होता की झोपेतही ओळखला असता.

मी उतरले, ट्रकांच्या मधून वाट काढत दुभाजकापर्यंत गेले. "दादा!"

पलीकडच्या रिक्षातून पांढरी टोपी बाहेर आली. कपाटातली नवी. "तू कुठं चाललीस?"

"तुझ्याकडे. तू कुठे?"

"तुजेकडं. जिताड्याचा तोंडावर सांगावाला." तोही उतरला आणि दुभाजकाच्या त्या बाजूला उभा राहिला. दोन्हीकडून हॉर्न वाजत होते, पण कोणाचीच गाडी हलत नसल्यामुळे आम्ही कुणाला अडवत होतो असं म्हणता येणार नाही.

मी पुरचुंडी सोडली. मूठभर तांदूळ काढून दुभाजकावरून हात पुढे केला. "घे. मितेशच्या हळदीला..."

दादाने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"रस्त्यावर नाय."

"अरे, आता सगळे भेटलोय इथे..."

"सगले नाय, मी भेटलोय. आनि मी रस्त्यावर राहात नाय. मी शहाडला राहातो."

"मग मी आता शहाडला जाऊ?"

"तू चाललीसच होतीस ना?"

बोलता बोलता तो सदरा सावरत दुभाजक ओलांडून माझ्या रिक्षात येऊन बसला. त्याच्या रिक्षावाल्याशी हिशेब उरकून मी मागाहून आत शिरले. गाड्या हलायला लागल्यावर सगळा रस्ता तो माझ्याशी एक शब्द बोलला नाही. माझ्या रिक्षावाल्याशी मात्र बोलला, कल्याणला कुठून वळायचं यावर. तांदूळ मी मुठीतच धरून ठेवले होते. हात पिवळा झाला, साडी पिवळी झाली, आणि रिक्षावाल्याने दोनदा मागे वळून विचारलं, "आजी, हळद तुमचीच का?"

घर आलं. दादा माझ्याआधी उतरला, अंगण ओलांडून आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. आतून कडी सरकल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. मी दुपारच्या उन्हात, दुखऱ्या गुडघ्यांवर, पिवळा हात घेऊन सख्ख्या भावाच्या बंद दारासमोर उभी. खिडकीतून ऐश्वर्या दिसली. तिने तोंडावर पदर धरला होता. ती हसत होती की लाजत होती, मला कळलं नाही.

मी कडी वाजवली.

आतून आवाज आला, "कोन हाय?"

आता रिक्षात दीड तास खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस हे विचारतो! पण मी गिळलं. "तुझी बहीण तुळसा. मितेशच्या लग्नाचं आवतण घेऊन आलेय. हळदीला यायचं, लग्नाला यायचं, मुंडावळ्या बांधायच्या आणि त्याच्या पाठीशी उभं राहायचं. घरातल्या सगळ्यांनी यायचं."

आतून कडी सरकली. मग दार उघडलं. दादाने टोपी सरळ केली होती. त्याने दोन्ही तळहात एकाला एक जोडून पुढे केले, मी त्यावर तांदूळ ठेवले, त्याने ते कपाळाला लावले आणि सदऱ्याच्या खिशात, फोनच्या बाजूला, अगदी जपून टाकले. मग माझ्याकडे, माझ्या गुडघ्यांच्या पट्ट्यांकडे आणि माझ्या पिवळ्या साडीकडे पाहून त्याने कपाळाला आठ्या घातल्या.

"येवरे लांबशी आयलीस? फोन कराचा ना!"